परदेशातली आपली माणसे आणि ऐकून घेणारे स्वयंसेवक

दवाखान्यात येणारा रुग्ण 'मला नैराश्य आले आहे' असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, छातीत धडधडते, अंगात त्राण नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. बायका म्हणतात, जीव घाबरा होतो. नाडी, रक्तदाब, कार्डिओग्राम सगळे ठीक निघते आणि मग घरचे दोन प्रश्न विचारले की डोळ्यांना पाणी येते. आपल्या भागातल्या कोणत्याही डॉक्टरला हे नवीन नाही. भाषा एक, माणसे ओळखीची, त्यामुळे दुखणे कुठले ते आपल्याला लवकर उमगते.

हाच माणूस परदेशात जाऊन राहिला की पंचाईत होते. इंगा-ब्रिट क्राउझे या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी इंग्लंडमधील बेडफर्ड गावातल्या पंजाबी कुटुंबांचा अभ्यास करून १९८९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ही मंडळी आपले दुखणे 'दिल घिरदा' अशा शब्दांत सांगत, म्हणजे काळीज खाली बसते. त्यात छातीतली खरीखुरी संवेदना असते, तशीच अब्रूची काळजी आणि एकटेपणाही असतो. आता हेच वाक्य शब्दशः इंग्रजीत करून डॉक्टरला सांगितले, तर तो बिचारा हृदयविकार शोधत बसणार. तो सापडला नाही की रुग्ण घरी आणि दुखणे त्याच्यासोबत.

या मधल्या जागेत स्वयंसेवक काम करतात. आजचा लेख त्यांच्याविषयी आहे. आपल्या तालुक्यातल्या किती तरी घरांतला मुलगा-सून किंवा मुलगी-जावई आज न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया, लंडन इथे आहेत. तेव्हा हा विषय आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेलाच आहे.

डॉक्टर नसलेल्या माणसाने नुसते ऐकून काय होणार, असे वाचकांना वाटेल. याचे उत्तर लंडनमध्ये अपघातानेच मिळाले. चॅड व्हारा या धर्मगुरूने १९५३ साली आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी एक टेलिफोन सुरू केला. लोक प्रत्यक्षही येऊ लागले, बाहेर गर्दी होऊ लागली. थांबलेल्यांना चहा द्यायला, त्यांच्याशी दोन शब्द बोलायला काही साधी माणसे मदतीला बसत. काही दिवसांतच असे दिसले की, चहा घेता घेता मन मोकळे झालेले पुष्कळ लोक व्हारांना न भेटताच समाधानाने परत जातात. १९५४ च्या फेब्रुवारीत व्हारांनी ऐकण्याचे काम या स्वयंसेवकांवरच सोपवले. आज जगभर ओळखली जाणारी 'समॅरिटन्स' ही संस्था ती हीच.

अमेरिकेत भारतीय उपखंडातील लोकांसाठी असे काम प्रथम बायकांनी उभे केले. न्यू जर्सीत १९८५ साली 'मानवी', न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली 'सखी', कॅलिफोर्नियात १९९१ साली 'मैत्री'. सुरुवात घरात मार खाणाऱ्या, छळ सोसणाऱ्या स्त्रियांसाठी झाली. पण फोनवर येणारी बाई फक्त मारहाणीचे सांगत नाही. झोप नाही, भूक नाही, जगावेसे वाटत नाही, हेही सांगते. त्यामुळे या संस्थांचे काम मनाच्या आरोग्यापासून वेगळे काढता येत नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेलेल्या मुलीची स्थिती समजून घ्या. नवरा 'एच-१बी' व्हिसावर, ही 'एच-४' वर. इथे ही इंजिनियर किंवा शिक्षिका असते. तिथे तिला नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना परवानगी मिळू लागली, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज बऱ्याच पुढच्या टप्प्याला गेल्यावर. नव्याने गेलेलीला ती बहुधा नसतेच. स्वतःचा पैसा नाही, गाडी चालवता येत नाही, बाहेर बर्फ. बाळंतपण झाले की यात भर पडते. बाळंतपणानंतरचे नैराश्य दहांत एकीला तरी येते, आणि इथे आई, मावशी, शेजारीण मिळून जे करतात ते तिथे करायला कोणी नसते. आमच्याकडे रक्तदाबासाठी येणाऱ्या एक बाई आहेत. त्यांची लेक रोज व्हिडिओवर बाळ दाखवायची, स्वतःचा चेहरा मात्र कधी समोर आणायची नाही. हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनीच मला विचारले, "डॉक्टर, हे बरं लक्षण आहे का?" मला त्या बाईंच्या नजरेचे कौतुक वाटले.

अशा मुलीचा फोन आला तर स्वयंसेवक काय करतो? पहिली गोष्ट म्हणजे तो उपदेश करत नाही. आपल्या लोकांना हे फार जड जाते. 'जरा जुळवून घे', 'देवाचं काही कर', 'आमच्या वेळी तर...' ही वाक्ये आपल्या जिभेवर तयारच असतात. ती गिळायला शिकणे हा प्रशिक्षणाचा मोठा भाग आहे. कॅलिफोर्नियात कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात कायद्याने मान्य समुपदेशक व्हायचे, तर निदान ४० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. मध्ये न बोलता ऐकणे, समोरच्याचेच म्हणणे त्याला थोडक्यात परत सांगून पाहणे, काही क्षण शांतता राहिली तर ती भरण्याची घाई न करणे, हे सरावाने येते. (आम्हा डॉक्टरांनाही या तासांना बसवायला हरकत नाही. बाहेर चाळीस माणसे बसलेली असताना आम्ही किती ऐकतो, ते वाचकांना ठाऊक आहे.)

दुसरी गोष्ट गुप्ततेची. परगावी आपली माणसे थोडी, त्यामुळे सगळे सगळ्यांना ओळखतात. गणपतीला, दिवाळीला मंडळात तीच कुटुंबे भेटतात. म्हणून फोन घेणारा परका असला तर सांगायला धीर होतो, आणि भाषा जाणणारा असला तरच सांगता येते. या दोन्ही अटी एकदम पाळणे हे या कामातले खरे कसब. स्वयंसेवकाने इथले शब्द तिथे नेले, तर एका बाईचेच नव्हे, अख्ख्या गावातल्या बायकांचे दार बंद होते.

तिसरी गोष्ट, आत्महत्येचा विषय स्पष्ट काढणे. 'जीव द्यावा असे मनात येते का?' असे सरळ विचारायला शिकवतात. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, हा समज चुकीचा आहे. उलट कोणी तरी विचारले म्हणून सुटका वाटते.

याचा गुण येतो का, हे मोजून पाहिलेले आहे आणि त्यातले एक मोठे काम आपल्या शेजारी गोव्यातले आहे. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेने वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक पदवीधर बायकांना दोन महिने शिकवून दवाखान्यांत समुपदेशक म्हणून बसवले. २०१० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष आले. सरकारी आरोग्य केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण जिथे या बायका होत्या तिथे सुमारे ६६ टक्के आणि जिथे नव्हत्या तिथे ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. या बायका पगारी होत्या, स्वयंसेविका नव्हत्या, पण मुद्दा तोच की शिकवलेले सामान्य माणूस हे काम करू शकते.

ब्रिटनमध्ये भारतीय उपखंडातील ७३२ नवमातांवर झालेल्या 'रोशनी' अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ साली आले. निम्म्या मातांना नेहमीच्या उपचारांबरोबर त्यांच्या चालीरीतींना धरून बेतलेल्या १२ गटबैठका मिळाल्या. चार महिन्यांनी त्यांतील ४९ टक्के बऱ्या झाल्या, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३७ टक्के. वर्षाअखेर हा फरक पुसट झाला. म्हणजे बैठका संपल्या म्हणून सोबत संपवून चालत नाही, असे मला वाटते.

स्वयंसेवकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो औषध देत नाही, निदान करत नाही. कानात आवाज येतात असे कोणी सांगू लागले, बाळंतीण अचानक असंबद्ध बोलू लागली, दोन-दोन रात्री न झोपता उत्साहात फिरू लागली किंवा बाळाला इजा करण्याचे बोलू लागली, तर ते त्याच दिवशी इस्पितळात न्यायचे दुखणे आहे. चांगला स्वयंसेवक तिथे थांबतो आणि रुग्णाला तज्ज्ञापर्यंत पोचवतो. रोज दुसऱ्यांची दुःखे ऐकून तोही थकतो. म्हणून त्याच्या पाठीशी अनुभवी माणूस हवा.

आता इथल्या आईवडिलांनी करायच्या गोष्टी. फोनवर 'बरी आहेस ना?' असे विचारले की 'हो' हेच उत्तर येते. त्याऐवजी विचारा, काल किती झोपलीस, दुपारी काय जेवलीस, घराबाहेर शेवटचे कधी गेलीस. उत्तरे दोन आठवडे वाईटच येत राहिली, तर तिला तिथल्या डॉक्टरकडे जायला सांगा. 'मन घट्ट कर' एवढ्यावर सोडू नका. तिचा पूर्ण पत्ता आणि तिथल्या एखाद्या मैत्रिणीचा किंवा शेजाऱ्याचा नंबर आजच वहीत लिहून ठेवा. मध्यरात्री गरज पडली तर इथून तेवढेच हाताशी असते. अमेरिकेत २०२२ पासून ९८८ हा तातडीचा क्रमांक आहे आणि तिथे दुभाषी मागता येतो. मात्र तो तिथे असलेल्यानेच लावायचा. ब्रिटनमध्ये समॅरिटन्सचा ११६ १२३ हा क्रमांक फुकट आहे.

नातवंडासाठी सहा महिने तिकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनीही एवढे करावे. झोपेची किंवा नैराश्याची गोळी चालू असेल तर पुरेसा साठा आणि इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी सोबत न्यावी. तिथे गेल्यावर 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दिवसभर मुले कामावर आणि आपण चार भिंतींत, असे झाले की पहिल्याच महिन्यात मन खायला उठते. त्या गावात मराठी मंडळ आहे का, चालत जाता येईल असे ग्रंथालय आहे का, हे तिकीट काढतानाच मुलाला विचारून ठेवावे. इथे मागे राहिलेल्यांना मनाचा त्रास झाला, तर सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. त्यावर मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.