‘लांडगा आला रे आला’ : खोटेपणाचा धडा की भीतीचा?



‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सगळेच शिकवतो. तात्पर्य ठरलेलं: खोटं बोलू नये. पण आपल्या धाराशिव जिल्ह्यात लांडगा फक्त पुस्तकातला नाही. परंडा, भूमकडच्या माळरानावर मेंढरं राखणाऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे. शेजारच्या सोलापुरात नान्नजच्या माळढोक अभयारण्यातही तो राहतो.

मुलांना आधी खरा लांडगा सांगा. तो कुत्र्याच्या कुळातला, अंगाने सडपातळ, छोट्या कळपात राहणारा. काळवीट, ससे खातो. शिकार मिळाली नाही की शेळ्या-मेंढ्यांवर येतो. माळ नांगरले गेले, तसं त्याचं घर आकसत गेलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. पण ज्याचं कोकरू गेलं त्याचं नुकसानही खरंच आहे, हे वर्गात जरूर बोला. माणसावर हल्ले क्वचित होतात, पण होतात. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बहराइचमध्ये मुलांचे जीव गेले. म्हणून भीती खोटी ठरवू नका, तिचं माप शिकवा.

आता पुढची पायरी. युरोपात लोक मानत, की काही माणसं रात्री लांडगा होतात. १५८९ मध्ये जर्मनीत पीटर श्टुंप नावाच्या शेतकऱ्याला याच आरोपावरून ठार मारलं. कबुली घेतली होती ती छळ करून! म्हणजे भीती जनावरावरून माणसावर सरकली.

आपल्याकडे तसं होत नाही, असं वाटतं ना? गावाबाहेर पाल ठोकून भाता चालवणारा घिसाडी आठवा. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ त्याच्याकडून करून घ्यायचा, पण अंधार पडला की त्याच पालाकडे संशयाने बघायचं. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने तर अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात ‘मुलं पळवणारे’ समजून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे भटके होते. अफवा मोबाईलवरून पसरली होती.

वर्गासाठी उपक्रम:
१. आजी-आजोबांना विचारा: लांडगा स्वतः पाहिला, की फक्त ऐकला?
२. फळ्यावर तीन रकाने करा: पाहिलं, ऐकलं, वाटलं. प्रत्येक वाक्य योग्य रकान्यात लिहा.
३. गोष्ट उलटी सांगा: पोरगा खरं बोलतोय, पण ओरड ऐकून गाव धावलं ते एका अनोळखी माणसावर. आता चूक कोणाची?

पालकहो, घरीही हेच करा. मोबाईलवर आलेला ‘सावधान’ मेसेज पुढे पाठवण्याआधी लेकराला विचारा, “हे कोणत्या रकान्यात जाईल?” गोष्टीतल्या पोराने दोनदा खोटी हाक मारली, तेव्हा मेंढरं गेली. आपल्या एका खोट्या हाकेने माणूस जाऊ शकतो.