ऑनलाईन शिक्षणात पाठांची मांडणी

ग्रंथालयात हजारो ग्रंथ असले, परंतु ते विषयवार लावलेले नसले, तर वाचकाला त्यांचा उपयोग होत नाही. ऑनलाईन शिक्षणाचेही तसेच आहे. पाठ तयार करणे हे निम्मे काम होय; तो योग्य विद्यार्थ्याला योग्य वेळी सापडेल अशी मांडणी करणे हे उरलेले निम्मे.

नवी मुंबईच्या उभारणीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर नोड, सेक्टर व भूखंड या क्रमाने आखले. त्यामुळे वाशी किंवा नेरूळ येथे प्रथमच येणाऱ्यालाही क्रमांकांच्या आधारे घर शोधता येते. शैक्षणिक साहित्यालाही असाच निश्चित पत्ता असावा लागतो.

पाठाचा पत्ता

५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय व्यासपीठावर मंडळ, माध्यम, इयत्ता व विषय अशा क्रमाने साहित्याची वर्गवारी केलेली असते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड मोबाईलने टिपताच त्या प्रकरणाचे साहित्य समोर येते. अशा रीतीने छापील पुस्तक हीच ऑनलाईन पाठांची अनुक्रमणिका बनते.

या वर्गवारीत चूक झाल्यास तिचा भार विद्यार्थ्यावर पडतो. नवी मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतून मराठी, हिंदी, उर्दू व इंग्रजी माध्यमांतून शिक्षण दिले जाते. उर्दू माध्यमाच्या पाठावर चुकून मराठीची नोंद झाली, तर उर्दू माध्यमाच्या मुलीच्या दृष्टीने तो पाठ अस्तित्वातच नसतो. घरात एकच मोबाईल आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा असेल, तर सायंकाळचा मोजका वेळ शोधण्यातच सरतो.

पाठाची रचना

९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘स्वयम्’ व्यासपीठावरील अभ्यासक्रमांची चार अंगे आहेत : दृक्‌श्राव्य व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि शंकानिरसनासाठी चर्चा. ही दृष्टी महाराष्ट्राला नवीन नाही. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने शिक्षक समोर नसतानाही समजेल अशी स्वयंअध्ययन पुस्तके विद्यार्थ्यांच्या हाती दिली.

शिक्षकांनी पाठ रचताना पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात :

१. पाठ संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावे, हे आरंभी एका वाक्यात सांगावे.

२. एका पाठात एकच संकल्पना घ्यावी. ‘अपूर्णांक’ या एका दीर्घ पाठाऐवजी ओळख, तुलना, बेरीज व वजाबाकी असे स्वतंत्र भाग करावेत.

३. प्रत्येक भागानंतर लगेच सराव द्यावा व चुकलेल्या उत्तराचे कारण सांगावे.

४. शीर्षक पाठ्यपुस्तकातील प्रकरणाशी जुळते ठेवावे.

५. पाठ्यपुस्तक बदलताच जुने पाठ तपासावेत. कालबाह्य पाठ काढून टाकावेत.

स्थानिक संस्थांचे कार्य

‘दीक्षा’वरील साहित्य एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटशिवायही वापरता येते. पंचायत सदस्यांनी शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात एखादे उपकरण उपलब्ध करून द्यावे. शिक्षकांनी त्यात आठवड्याचे पाठ इयत्तावार उतरवून त्यांची यादी फलकावर लावावी. असे झाल्यास, घरी मोबाईल नसलेल्या मुलालाही आपला पाठ कोणाला न विचारता उघडता येईल. मांडणी साधली की नाही, याची हीच खरी कसोटी होय.