पवनीची पायवाट: चालणं फुकट, पोचायला किती?

चालायला पैसे पडत नाहीत, पोचायला पडतात. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा जुना तट, वैनगंगेचे घाट, जगन्नाथ टेकडी आणि जवळच्या रुयाळ-सिंदपुरीचा महासमाधी भूमी महास्तूप, यांतल्या कशालाच तिकीट नाही. दानपेटीत टाकायचं ते आपल्या मर्जीनं.

नागपूरहून पवनी सुमारे 82 किलोमीटर. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. जानेवारी 2025 च्या वाढीनंतर साध्या बसला टप्प्यामागे साधारण 10 रुपये, म्हणजे एका बाजूचे दीडशेच्या आसपास. महिलांना आणि 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढे प्रवास फुकट. ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावं, उगाच कंडक्टरशी हुज्जत नको. स्वतःच्या कारला येऊन-जाऊन हजार-बाराशेचं पेट्रोल लागतं. चौघे पुरुष असाल तर हिशेब बरोबरीत सुटतो. सोबत बायका असतील तर एसटीच स्वस्त. रेल्वेनं येणार असाल तर भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे, भंडारा शहरात नाही. तिथून भंडाऱ्याच्या स्टँडपर्यंतचं आणि पुढे पवनीच्या बसचं भाडं वेगळं धरा.

जगन्नाथ टेकडी नुसती टेकडी समजून ओलांडू नका. 1969-70 च्या उत्खननात इथे विटांचा प्राचीन स्तूप सापडला. महास्तूप मात्र आपल्या काळातला, पञ्ञा मेत्ता संघाचा आणि जपानशी नातं सांगणारा. संघाचे भदन्त संघरत्न माणके लहानपणीच जपानला गेले आणि हिएई पर्वतावर तेंदाई या बौद्ध पंथात शिकले. त्या पर्वतावर मोजके भिक्खू सात वर्षांत हजार दिवस चालण्याचं व्रत करतात. आपल्याला एक सकाळ पुरे.

खरा खर्च करावा तो पायांवर आणि पाण्यावर. स्तूपाशी चपला काढाव्या लागतात आणि दहानंतर विदर्भातली फरशी तापते, तेव्हा पन्नास रुपयांचे जाड मोजे पिशवीत असू द्या. पाणी घरून न्या. घाटाच्या वरच्या अंगाला गोसेखुर्द धरणात पाणी तुंबलेलं असतं आणि नागपूरचं सांडपाणी नाग आणि कन्हान नद्यांतून याच नदीत येतं. तोंड धुवायचाही मोह नको. नाश्त्याला तर्री-पोहे, तीसेक रुपयांत काम होतं.

महास्तूपाला ऑटोनं जाणार असाल तर थांबण्यासकट येण्या-जाण्याचं भाडं बसण्याआधीच ठरवा. आणि स्टँडवर उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून घ्या.