खांदेसूज

त्या दिवशी मी शाळेत पोचले, चिंचेखाली स्कूटी लावली, हेल्मेट काढलं, आणि लक्षात आलं की घरापासूनचे बावीस किलोमीटर आपण कसे आलो ते आठवतच नाही. वाटेत रेल्वेचं फाटक लागतं. ते उघडं होतं की बंद, तेही आठवेना. भीती वाटायला हवी होती. वाटली ती फक्त घाई. नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि पोषण आहाराची नोंद भरायची होती.

मी मराठवाड्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, एकेचाळीस मुलं. वीस वर्षं झाली. ‘मॅडमला सांगा, मॅडम करतात,’ हे वाक्य या वीस वर्षांत मी इतक्यांदा ऐकलं की ते मला माझ्या नावासारखंच वाटायला लागलं होतं. खरं सांगायचं तर आवडायचंही.

दमणं एका दिवसात येत नाही. आधी वाचन गेलं. मग रेडिओ गेला. मग मैत्रिणीचा फोन आला की ‘नंतर करते’ व्हायला लागलं. मग रविवारी दुपारी तीन तास झोपून उठल्यावरही अंगावर कुणीतरी ओलं पोतं टाकल्यासारखं वाटायचं. आणि मग एक दिवस पहिलीतला एक पोरगा पाटी घेऊन माझ्याजवळ आला. मी मोबाइलवर किती मुलं जेवली त्याचा आकडा भरत होते, रेंज येत-जात होती. “थांब रे, नंतर,” म्हणाले. मान वर केली नाही. दुपारी खिचडी शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या, “बाई, त्यानं पाटीवर नाव लिव्हलं व्हतं सोत्ताचं. लई वेळ हुबा ऱ्हायला. मग फडक्यानं पुसून टाकलं.”

पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलेली पाटी. त्यासाठीच तर मी या नोकरीत आले होते.

पुढच्याच आठवड्यात परिपाठाला उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी ओट्यावर बसले ती उठलेच नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.४. बाईमाणसाचं ते बारापेक्षा कमी असलं की पंडुरोग म्हणतात. माझं किती दिवस तिथे होतं कोण जाणे. थायरॉइडही बिघडलेलं. म्हणून ज्यांना सतत थकवा आहे त्यांना मी सगळ्यांत आधी हेच सांगते: मनाचं मागून बघू, आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर. आपल्याकडे बाईचा थकवा एक तर ‘वयाचा’ असतो, नाही तर ‘टेन्शनचा’. दोन्ही शब्द तपासणी टाळायला सोयीचे.

गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत रक्त वर आलं. चक्कर थांबली. ओलं पोतं मात्र तसंच. डॉक्टरांनी तेव्हा ‘बर्नआउट’ हा शब्द वापरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात त्याची व्याख्या दिली, पण आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून. तीन खुणा आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. पहिली मला माहीत होती. दुसरी ऐकली आणि ती पाटी आठवली.

त्या वर्षी पोळ्याला माहेरी गेले. आदल्या दिवशी संध्याकाळी आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैलांची खांदेमळणी केली. आता एकच जोडी राहिलीय, तीही आण्णांच्या हट्टापायी. शेत ट्रॅक्टरच करतो. आण्णांनी गरम पाण्यात फडकं बुडवून जोडीतल्या मोऱ्याचा खांदा शेकला, मग हळद आणि लोणी एकत्र करून जिथे जू बसतं तिथे तळहाताने चोळायला लागले. घाई नाही. वर्षभर जू बसून तिथली कातडी काळी, जाड आणि गुळगुळीत झाली होती, जुन्या चपलेच्या टाचेसारखी. मोऱ्याने डोळे अर्धे मिटले होते. मग आण्णांनी त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण दिलं, पाहुण्याला देतात तसं.

मी विचारलं, “आण्णा, खांदा सुजला तर काय करायचं?”

“काय करायचं? सोडायचा. सूज उतरंस्तवर जू ठिवायचं नाही.”

“आणि काम अडलं तर?”

“खांदा आलेला बैल जुवाला लावला तर ओढतोय की, न्हाई असं न्हाई. पण मग पुढं जू दिसलं की मान चोरतो. कायमचा.” थोडं थांबून म्हणाले, “मुकं जनावर हाय, सांगत न्हाई. म्हणून रोज सांजच्याला हात फिरवून बघायचं. तू तर बोलती हाईस की.”

आण्णांना माझ्या आजाराचं एवढंच कळलं होतं की ‘रक्त कमी’. पण तेवढ्यावरून त्यांनी बरंच ओळखलं असावं.

घरी आल्यावर मी एक वही केली. आठवडाभर रोज रात्री लिहिलं: आज काय काय केलं, आणि ते कोणी सांगितलं होतं. दुसरा रकाना महत्त्वाचा. शाळा, घर, मतदार यादीचं काम, सासूबाईंचं औषधपाणी हे होतंच. पण पानावर पान उलटलं तसं दिसायला लागलं की बरीच कामं कोणी सांगितलेलीच नव्हती. शेजारच्या दोन शाळांची यू-डायसची, म्हणजे सरकारी नोंदीची, माहिती मी भरत होते, का तर एके वर्षी सहज म्हणाले होते, ‘आणा इकडं, मी करून देते.’ नणंदेच्या मुलाची शिष्यवृत्ती. कॉलनीच्या हळदीकुंकवाचा हिशेब. केंद्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेल्या प्रत्येक परिपत्रकाचा सोप्या भाषेत सारांश, जो मागितला नव्हता कुणीच.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला बांध कोरणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. शेजारी दरवर्षी नांगरताना वीतभर आत येतो. एका वर्षात काही दिसत नाही. दहा वर्षांनी मोजणी आणली की दोन गुंठे गेलेले असतात. माझाही बांध कोरला गेला होता. फरक एवढाच की बऱ्याच ठिकाणी नांगर माझ्याच हातात होता.

बांध घालायचा तर आधी नकाशा बघावा लागतो, म्हणून कायदा वाचला. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम २७: जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुकीशी संबंधित कामं सोडून शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावता येत नाही. म्हणजे मतदार यादी मला टळणार नव्हती. हे कळल्यावर एक गंमत झाली. तिच्याबद्दलची चिडचिड निम्मी झाली. जे टळत नाही ते टळत नाही. त्याच्याशी रोज मनात भांडण्यात जी शक्ती जात होती ती तरी वाचली. आपल्या कामातलं न टळणारं काय, ते एकदा कागदावर बघून घ्यावं. आपण समजतो त्यापेक्षा ते कमी निघतं.

नकार देताना मी एक शिकले. मोघम नकार दिला की समोरचा घासाघीस करतो. ‘बघते’, ‘जमलं तर’ हे नकार नव्हेत. शेजारच्या शाळेच्या सरांना मी म्हणाले, “सर, या वर्षी माहिती तुम्ही भरा, मी एक दिवस शेजारी बसते.” सर बसले, दोन दिवसांत शिकलेही. दुसरे मात्र रुसले. ‘मॅडमला आता भाव आलाय,’ असं ते तिसऱ्याला म्हणाले, आणि तिसऱ्याने ते माझ्यापर्यंत इमानेइतबारे पोचवलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. चांगली बाई ही माझी वीस वर्षांची कमाई होती, ती अशी एका वाक्यात जाताना बघवेना. पण आठ-दहा दिवसांनी ते सरच फोन करून विचारत होते, की ही माहिती कोणत्या रकान्यात भरू? कुणाची नाराजी आपल्याला वाटते तितकी टिकत नाही. टिकली तरी माणूस मरत नाही.

घरातला बांध जास्त अवघड. सकाळचा डबा यांनी करायचा ठरलं. पहिल्या आठवड्यात मी पलंगावर पडून कढईचा आवाज ऐकत होते. फोडणी जळतेय. मोहरी तडतडायच्या आधी जिरं पडलं. तीनदा उठून आत गेले. चौथ्या वेळी हे म्हणाले, “मग तूच कर ना.” बरोबर होतं त्यांचं. काम सोडलं होतं, लक्ष सोडलं नव्हतं. आणि दमवतं ते लक्षच. भाजी आजही अळणी असते. डब्यात मिठाची पुडी ठेवते.

आता एक चूक सांगते, कारण बांध घालायचे सल्ले देणारे ती सांगत नाहीत.

सगळं जमायला लागल्यावर मी नियम केला: रात्री आठनंतर फोन बंद, फ्रिजवर. दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या गावातून बरीच घरं ऊसतोडीला जातात. मुलं मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते. तिथे नाव घातलं की मूल आजीजवळ राहतं, जेवणाची चिंता मिटते, शाळा चुकत नाही. चौथीतल्या एका मुलीच्या वडिलांनी मला सकाळी फोन लावून बघितला तेव्हा कळलं, की ते आदल्या रात्री आठपासून लावत होते. मुकादमाने अचानक ट्रक आणला होता. मुलीचं नाव यादीत आहे की नाही एवढंच त्यांना विचारायचं होतं. उत्तर मिळालं नाही, म्हणून त्यांनी तिला बरोबर घेतलं. ते बोलत होते ते फडावरून. नाव यादीत होतं. मी खूप सांगितलं, पण तिला परत आणून सोडायला कोण येणार? मुलगी मार्चअखेर टोळीबरोबरच परतली, तळहाताला घट्टे घेऊन.

तेव्हापासून माझं एक मत झालंय. नकार देणं सगळ्यांत सोपं जातं ते आपल्याहून दुबळ्या माणसाला. अधिकाऱ्याचा संदेश रात्री अकराला बघणारी मी, आणि माझा नियम पाळला गेला तो एका ऊसतोड बापाच्या वाट्याला. बांध घालताना तो कुणाच्या बाजूने घालतोय ते बघायला हवं. आता फोन चालू असतो, फक्त गट सगळे गप्प केलेत. ज्याला खरंच काम आहे तो फोन करतो. लिहिणाऱ्यांना सकाळपर्यंत धीर निघतो.

आणि विसावा. झोप म्हणजे विसावा नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. मोबाइलवर बोट सरकवत पडणं तर नव्हेच. ते म्हणजे मोट सोडून रहाट ओढायला लागण्यासारखं. चौथीच्या मुलांना मी दरवर्षी नारायण मेघाजी लोखंड्यांची गोष्ट सांगते: मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून १८८४ पासून ते झगडत होते, ती मिळाली १० जून १८९० ला. आणि गोष्ट सांगून मी रविवारी माहिती भरत बसायचे.

आता रविवारी चार ते सहा मी मागच्या ओट्यावर नुसती बसते. पहिल्या रविवारी दहा मिनिटांत उठले, तांदूळ निवडायला घेतले. हात रिकामे असले की अपराधी वाटायचं. सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या, बरं आहे ना म्हणून. तिसऱ्या-चौथ्या रविवारी मी परभणी केंद्र लावून रेडिओ शेजारी ठेवला. रेडिओचं बरं असतं, तो काही निवडायला लावत नाही. जे लागेल ते ऐकायचं. एकदा कापसावरच्या बोंडअळीबद्दल अख्खा कार्यक्रम ऐकला. कडुनिंबाची सावली ओट्याच्या पहिल्या पायरीवरून तिसऱ्या पायरीवर यायला साधारण तास लागतो, हेही कळलं. या घरात आले त्याला एकोणीस वर्षं झाली.

कुणाला हे देवघरात मिळेल, कुणाला गोधडीच्या टाक्यात, कुणाला भजनात. खूण एकच, उठल्यावर दाखवायला हातात काही नसावं. आणि विसावा घेऊनही महिनोन्‌महिने मन वर येत नसेल, रडू आवरत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ती निव्वळ दमणूक नव्हे. तिथे ओटा पुरत नाही. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६, फोन मोफत, मराठीत बोलता येतं. मी एकदा केला होता. सांगायला लाज वाटत नाही.

मागच्या सोमवारी सकाळी शाळेत जाऊन फोनवरचे गट उघडले. शनिवारी रात्री नऊ वाजता वरून ‘अत्यंत तातडीचे’ म्हणून एक तक्ता आला होता, अठरा रकान्यांचा, रविवारी संध्याकाळपर्यंत भरून मागितलेला. त्याखाली सहा-सात जणांचे भरलेले तक्ते. त्याखाली रविवारी रात्रीचा संदेश: सदर नमुना रद्द समजावा, सुधारित नमुना नंतर पाठवण्यात येईल. मी फोन टेबलाच्या खणात टाकला आणि पहिलीच्या पाट्या तपासायला घेतल्या.