शाळेचा शेरा म्हणजे निदान नव्हे

‘मुलगे जरा उशिराच बोलतात’, ‘घरी लाडावलाय’, ‘मोबाईल बंद करा, आपोआप सुधारेल’, ‘अभ्यासात तर ठीक आहे, मग डॉक्टर कशाला?’ मुलाची काळजी वाटते म्हणून शाळेत गेलेल्या पालकांच्या वाट्याला बहुतेक वेळा यांपैकीच एखादं उत्तर येतं. बोलणाऱ्यांचा हेतू धीर देण्याचाच असतो. पण त्या धीराच्या भरवशावर एक-दोन वर्षं निघून जातात, आणि स्वमग्नतेच्या म्हणजे ऑटिझमच्या बाबतीत लहानपणीची वर्षंच सर्वांत मोलाची असतात. म्हणून चंद्रपूर वीजकेंद्राच्या परिसरातल्या ऊर्जानगर, दुर्गापूर आणि आसपासच्या पालकांना माझं एकच सांगणं आहे. शिक्षकांना काय दिसलं ते जरूर विचारा, पण मुलाची तपासणी करायची की नाही, हा निर्णय शाळेवर सोपवू नका.

‘आम्ही रोज पन्नास मुलं पाहतो, आम्हाला कळत नाही का?’ हा शाळेचा पहिला आक्षेप, आणि त्यात तथ्य आहे. समवयस्क मुलांशी तुलना करण्याची जी संधी शिक्षकांना मिळते, ती आईवडिलांना मिळत नाही. मात्र शिक्षकांच्या नजरेत पटकन भरतो तो वर्गात गोंधळ घालणारा मुलगा. कोपऱ्यात गप्प बसणारी, पाठांतरात पुढे असलेली, पण मधल्या सुट्टीत कुणाच्याच खेळात नसलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून ती ‘शहाणी’ ठरते. मुलींमधली स्वमग्नता उशिरा ओळखली जाते, त्यामागे हेही एक कारण आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली निदानाचे जे निकष प्रसिद्ध केले, त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की लक्षणांची सुरुवात लहानपणीच होत असली, तरी भोवतालच्या अपेक्षा मुलाच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत ती पुरती उघड होतीलच असं नाही. शिकून घेतलेल्या सवयींआड ती झाकलीही जातात. तेव्हा ‘शाळेत तर काही दिसत नाही’ ही शिक्षकांची नोंद खरी असू शकते. तिच्यावरून ‘म्हणजे काहीच नाही’ असं ठरवणं मात्र चूक आहे.

दुसरा आक्षेप आपल्या भागात हमखास निघतो, तो भाषेचा. वीजकेंद्र आणि कोळसा खाणींमुळे इथे ठिकठिकाणची कुटुंबं आली. घरात तेलुगू, शेजारी हिंदी, बाजारात मराठी आणि शाळेत इंग्रजी, मग पोर गोंधळणारच, असं समजावलं जातं. पण दोन भाषांत वाढल्याने स्वमग्नता येत नाही, आणि स्वमग्न मुलांचं बोलणंही त्यामुळे आणखी मागे पडत नाही, असंच आजवरच्या अभ्यासांतून दिसलं आहे. शिवाय भाषांचा गोंधळ झालेलं मूल शब्द सरमिसळ वापरेल. ते बोट दाखवून वस्तू मागेल, विमान दिसलं तर आईकडे वळून पाहील, हाक मारली की मान वळवेल. हेच होत नसेल, तर भाषेला दोष देऊन भागणार नाही. मोबाईल कमी करावा, हे खरंच. तो कमी करता करता तपासणीही करता येते. एकासाठी दुसरं थांबवायचं कारण नाही.

तिसरा आक्षेप शिक्क्याचा. ‘एकदा कागदावर आलं की पोराला जन्मभर चिकटेल’ ही भीती शाळेला वाटते, तशी आजी-आजोबांनाही वाटते. पण निदान टाळल्याने शिक्का टळत नाही. हट्टी, आळशी, बेशिस्त हे शिक्के तोवर बसलेलेच असतात, आणि त्यांवर उपाय म्हणून ओरडा मिळतो. निदानाने निदान मदतीची दिशा तरी कळते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ दिव्यांगत्वांच्या यादीत स्वमग्नता आहे. सरकारी असोत की केवळ मान्यताप्राप्त खासगी, शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी कराव्यात, असं कलम १६ सांगतं. ४० टक्के दिव्यांगत्वाची अट काही ठरावीक लाभांसाठी आहे. वर्गातली जागा बदलून द्यायला ती लागत नाही. आणि निदान झालेलं असो वा नसो, सहा ते चौदा वयाच्या मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ मनाई करतं.

शिक्षकांवर कामाचा बोजा आहे आणि विशेष शिक्षक मिळत नाहीत, ही तक्रारही खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असा निर्देश दिला, तो ही उणीव ओळखूनच. म्हणून मुख्याध्यापकांकडे भांडायला नव्हे, ठरावीक मागणी घेऊन जा. ‘माझ्या मुलाला ऑटिझम आहे का?’ असं विचारलंत तर ‘नाही हो’ एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी अर्जात लिहा: ‘प्रार्थनेचा लाउडस्पीकर सुरू झाला की तो कान झाकतो का? तास बदलला की रडतो का? डबा कुणासोबत खातो? आठवडाभर पाहून लेखी कळवावे.’ अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. वीजकेंद्रातल्या नोकरीत कोराडी किंवा परळीला बदली होते, शाळा बदलते, वर्गशिक्षक बदलतात. सोबत जाते ती ही फाईलच.

उत्तर येवो न येवो, तपासणी लांबवू नका. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी-अनुदानित शाळांत जातात. खासगी शाळेतल्या मुलांच्या पालकांनी त्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही. बालरोगतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा रुग्णालयात जा, आधी कानांची तपासणी करून घ्या आणि मग विकासात्मक मूल्यमापन मागा. आपल्याकडे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही भारतीय मापनपट्टी वापरतात. तिच्यात ४० बाबी असतात आणि ७० किंवा अधिक गुण आले, तर स्वमग्नता मानली जाते. इतक्या बारकाईने जे ठरवायचं असतं, ते गेटवरच्या दोन मिनिटांच्या बोलण्यात ठरू देऊ नये. तपासणीत काही निघालं नाही, तर गेले ते चार दिवस आणि येण्याजाण्याचा खर्च. निघालं, तर बोलणं, खेळणं, मिसळणं शिकवायची सुरुवात लगेच करता येते. दोन्हींपैकी काहीही झालं तरी तपासल्याचा पश्चात्ताप होत नाही. म्हणून शाळा ‘थांबा’ म्हणाली, तरी तुम्ही पुढे जा.