व्हिडिओची प्रत कशी मोजतात?

एक चित्र घ्या. त्याचा प्रत्येक बिंदू सारखाच थोडासा उजळ करा. दुसऱ्या प्रतीत सरासरी चूक तेवढीच ठेवा, पण चौकोनी ठोकळ्यांच्या रूपात. पीएसएनआर ही जुनी मोजणी मूळ बिंदू आणि नवा बिंदू यांतल्या फरकाच्या वर्गांची सरासरी पाहते, म्हणून दोघांना सारखेच गुण! डोळ्याला मात्र पहिलं चित्र ठीक वाटतं, दुसरं बघवत नाही.

कारण डोळा बिंदू मोजत बसत नाही. तो कडा आणि आकार पाहतो. गवताच्या गर्दीत चूक लपते, निरभ्र आकाशात लगेच दिसते. म्हणून २००४ मध्ये मांडलेली एसएसआयएम पद्धत उजळपणा, कॉन्ट्रास्ट आणि रचना यांची तुलना करते. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुली केलेली व्हीमॅफ तर माणसांनी दिलेल्या गुणांवरूनच 'शिकवलेली' आहे. असे गुण मिळवायला प्रेक्षकांना क्लिप दाखवतात, ते बहुधा १ ते ५ गुण देतात, आणि त्यांची सरासरी म्हणजे एमओएस.

पण सरासरीच ती! धड्याची फाइल लहान केली की भिंत, फळा, माझा शर्ट सगळं छान दिसतं आणि १० चा घात ३ आहे की ८, तेच कळत नाही. म्हणून मी आधी मोबाइलवर घातांक वाचून बघतो, मगच धडा पाठवतो.