पाळी जाण्याचे वय आणि चिनी वैद्यक

स्त्रीची पाळी कायमची थांबते, त्यास शास्त्रात रजोनिवृत्ती म्हणतात. आमच्या गंगाखेड भागात 'पाळी गेली' एवढेच म्हणतात, आणि तेही दबक्या आवाजात. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली, असे डॉक्टर धरतात. भारतीय स्त्रियांत हे वय साधारण ४६-४७ आहे. अंगातून वाफा निघणे, रात्री घाम फुटणे, झोप न लागणे ही त्याची नेहमीची लक्षणे. चीनचे पारंपरिक वैद्यक याकडे कसे पाहते व त्यातून आपण काय घ्यावे, हे येथे थोडक्यात मांडत आहे.

चीन म्हटले की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली काँग्रेसने तेथे पाठविलेल्या पाच डॉक्टरांत ते होते. १९४२ मध्ये चीनमध्येच त्यांचे निधन झाले. ते शल्यचिकित्सक होते. मात्र त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे सुया टोचण्याची विद्या शिकले व ती त्यांनी कलकत्त्यात आणली. आज महाराष्ट्रात या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदाही आहे.

'हुआंगदी नेइजिंग' या प्राचीन चिनी ग्रंथात स्त्रीचे आयुष्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांत मोजले आहे. चौदाव्या वर्षी पाळी येते, अठ्ठाविसाव्या वर्षी शरीर सर्वांत बळकट असते, एकोणपन्नासाव्या वर्षी पाळी थांबते. आपल्या सुश्रुताने हाच काळ बारा ते पन्नास वर्षे असा सांगितला आहे. दोन्हीकडे पाळी जाणे हा रोग मानलेला नाही. तो वयाचा धर्म मानला आहे. चिनी वैद्यांच्या मते मूत्रपिंडात साठलेले जीवनतत्त्व वयानुसार कमी होते. शीतल 'यिन' घटली की अंगात उष्णता भडकते आणि उष्ण 'यांग' घटली की हातपाय गार पडतात. म्हणून एकाच वयाच्या दोन स्त्रियांना ते निरनिराळे औषध देतात.

हे उपचार लागू पडतात का? ऑस्ट्रेलियात ३२७ स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. खऱ्या सुयांनी वाफा सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या. पण न टोचणाऱ्या खोट्या सुयांनीही जवळपास तेवढाच फरक पडला. 'दोंग क्वाय' या प्रसिद्ध चिनी मुळीवरील १९९७ च्या अमेरिकन प्रयोगातही ती खोट्या गोळीहून सरस ठरली नाही. तेव्हा सुया व मुळ्यांचा फार गवगवा करण्याचे कारण नाही.

तरीही या वैद्यकातील एक गोष्ट मला मोलाची वाटते. पाहणे, ऐकणे, विचारणे आणि नाडी पाहणे अशा चार पायऱ्यांनी तेथे रोगी तपासतात. त्यातले 'विचारणे' आपल्याकडे हरवले आहे.

माझी मावशी ऊसतोडीला जाते. पस्तिशीत तिची पाळी मागेपुढे होऊ लागली. खाडा पडला की पैसे कापले जातात. एका दवाखान्यात दोन मिनिटांत तिला "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" असे सांगितले. मुकादमाकडून उचल घेऊन तिने पिशवी काढली. कटकट मिटली नाही. अंगातल्या वाफा आणि हाडांचे दुखणे तेव्हापासूनच लागले. मावशी एकटी नाही. २०१९ साली शासनाच्या समितीला बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. काही आजारांत ही शस्त्रक्रिया आवश्यकच असते. परंतु बीजकोशही काढले तर रजोनिवृत्ती एकाएकी अंगावर कोसळते व हाडे लवकर ठिसूळ होतात.

या लेखासाठी मी मावशीला प्रथमच सारे विचारले. भाकरी थापता थापता ती तासभर बोलली. शेवटी म्हणाली, "इतक्या वर्षांत कुणी इचारलंच न्हाई गं."

यंदा आईलाही पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला. या वेळी आम्ही घाई केली नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, सगळी हकिकत ऐकली. काढण्यासारखे काही नव्हते. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर मात्र लगेच या, असे त्यांनी बजावले.

वाचकहो, चीनच्या सुया गंगाखेडला आल्या नाहीत तरी चालेल. आपल्या आईला, मावशीला आज घरी गेल्यावर "तुला काय होतंय?" एवढे विचारा. त्याला ना उचल लागते, ना खाडा पडतो.